चौघांचं पुढे काय?

आमच्या त्या उन्हाळ्याचे किस्से कोणी लिहून ठेवले नाहीत, तरी ते वाढतच गेले. आम्ही चौघं भेटलो की एक जण सुरुवात करतो, दुसरा त्याला दुरुस्त करतो आणि तिसरा म्हणतो, "छे रे, तसं नव्हतंच ते." तोवर चहा गार झालेला असतो. आज मी एकटाच सांगतोय, तर निदान दुरुस्त्या तरी नाहीत.

चौघं म्हणजे मी, कडावचा दत्तू, नेरळचा गजा आणि माझी चुलत बहीण कुसुम. ती आणि मी कर्जतला एकाच घरात वाढलो. चौघं कल्याणच्या हायस्कुलात जायचो, आणि एकदमच मॅट्रिक झालो. मार्क सगळ्यांत जास्त कुसुमला.

त्या काळी आमच्याकडे मॅट्रिक झालेला मुलगा म्हणजे गावाची मालमत्ता. पुढे काय करायचं, हे त्याला न्हाव्यापासून स्टेशनमास्तरपर्यंत सगळे सांगत. कुसुमला मात्र कोणी काही सांगत नव्हतं, कारण तिचं ठरलेलंच होतं. खोपोलीचं स्थळ होकाराची वाट बघत होतं. आणि हिला व्हायचं होतं डॉक्टर! तसं तिनं काकांना, म्हणजे तिच्या वडिलांना, सरळ सांगितलं. काका म्हणाले, "बघू." कॉलेजं उघडायची वेळ आली तरी त्यांचं बघणं संपेना. ती रोज जेवताना त्यांच्या तोंडाकडे बघायची.

*

दत्तूचे वडील तात्या शेतकरी माणूस. बैल घ्यायचा तरी चार ठिकाणी चौकशी करणार, हा तर मुलगा. ते दत्तूला घेऊन खालापूरला वकिलाकडे गेले. वकील कपाळाला हात लावून म्हणाले, "वकिली सोडून काहीही शिकवा. मास्तर करा." मास्तरांकडे गेले, तर मास्तर म्हणाले, "त्यापेक्षा डॉक्टर करा, मान तरी मिळेल." डॉक्टर म्हणाले, "झोप हवी असेल तर वकील करा."

परत येताना बैलगाडीत तात्या नुसते बैल हाकत होते. शेवटी दत्तूनं भीत भीत विचारलं, "तात्या, आता?"

"आता काय रं? कोनीच आपल्या धंद्यात सुखी नाय. म्हंजे कुटं बी गेलास तरी सारखंच. तुला काय आवडतं ते शीक."

दत्तू पुण्याला शेतकी कॉलेजात गेला. गावातले लोक तात्यांना चिडवायचे, "नांगर धरायला पुण्याला कशाला धाडला? तुमी शिकवला नसता का?"

तात्या म्हणायचे, "मी शिकवला आसता तर पळून गेला आसता. तिथं हौसेनं धरतो."

*

गजाला डॉक्टर व्हायचं नव्हतं. त्याच्या आईला त्याला डॉक्टर करायचं होतं. निकाल लागल्या दिवसापासून तिनं ओटीवर सतरंजी अंथरली आणि आळीत सांगून टाकलं, "आमचा गजा बघेल." लोक येऊन जिभा दाखवू लागले. गजा सगळ्यांना सुंठ आणि गरम पाणी सांगायचा. एक म्हातारी खरंच बरी झाली, तेव्हा तो फार घाबरला. आता सुटका नाही, हे त्याला कळलं.

एकदा मी आणि कुसुम त्याच्याकडे गेलो होतो. माथेरानच्या पायथ्याच्या वाडीतला एक ठाकर आला. पायात काटा मोडलेला, पाय सुजून भोपळा झालेला. गजानं फडकं सोडलं, आत बघितलं आणि आडवा झाला. बिचारा ठाकर लंगडत विहिरीवर गेला, पाणी आणलं आणि डॉक्टरच्या तोंडावर मारलं. मग त्याला उचलून आत नेऊन निजवलं.

कुसुमनं त्या माणसाला खाली बसवलं, काटा काढला, पाय धुऊन बांधला. गजाची आई दारातून हे सगळं बघत होती. दुसऱ्या दिवशी ओटीवरची सतरंजी निघाली. गजा पुढे ड्रॉइंग मास्तर झाला आणि आयुष्यभर खूश राहिला.

*

माझं प्रकरण फारच लवकर आटोपलं. माझे वडील रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते. मी म्हणालो, "मला बी.ए. करायचंय."

"कशात?"

मी त्याचा विचारच केला नव्हता. पुढच्या सोमवारी मी त्यांच्या शेजारच्या स्टुलावर बसलेला होतो. तक्रार नाही, पण निदान 'इतिहास' तरी म्हणायला हवं होतं, असं अजून वाटतं.

*

शेजारच्या माई एकदा कुसुमला म्हणाल्या, "एवढी शिकलीस तर तुझ्याहून शिकलेला नवरा आणायचा कुठून गं?"

कुसुम म्हणाली, "शिकून आले की सांगते माई, कुठे मिळतात ते."

काका आतच होते. हसू आवरायला त्यांना खोकावं लागलं. तरी बाहेर येऊन म्हणाले, "बघू."

*

काका गावदेवीचा कौल घेतल्याशिवाय काही करत नसत. विहीर खणायची असो की दुकान मांडायचं असो. गुरव देवीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या कळ्या चिकटवायचा. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. शेवटी एका सकाळी काकांनी आम्हा सगळ्यांना देवळात नेलं.

कुसुम शिकणार तर कुठे राहणार? पुण्याला आमची आत्या होती आणि मुंबईला तिचे मामा. पण मामांशी काकांचं भांडण झालेलं, कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. त्यामुळे मुंबईचं नाव घरात निघत नसे. काकांनी विचारलं, "पोरीला पुण्याला शिकायला पाठवू का?"

डावी पडली.

कुसुम नुसती पदराचं टोक पिळत राहिली. मला रडू येत होतं. काकांचाही चेहरा उतरला होता, हे मी पाहिलं. ते उठणार तेवढ्यात काकी, जी देवळात कधी चकार शब्द बोलत नसे, म्हणाली, "अहो, आता खोपोलीच्या स्थळाचंही विचारा."

"ते कशाला?"

"न विचारता आपण काही करतो का?"

देवी हो म्हणाली तर सगळंच संपलं. काकीचे ओठ पांढरे पडले होते. गुरवानं कळ्या लावल्या. बराच वेळ काही पडेना. मग डावी पडली.

काका गोंधळले. "लग्न नाही, शिक्षण नाही, मग पोरीला काय घरात बसवू?"

"इचारतो," म्हातारा गुरव म्हणाला. त्यानं तेच देवीला विचारलं आणि कळ्या लावल्या. हात मागे घेतो न घेतो तोच डावी खाली.

काका पायरीवर जाऊन बसले. मग त्यांनी काकीकडे न बघताच विचारलं, "तुझ्या भावाकडे नळाला पाणी येतं ना गं वेळेवर?"