वीरधवलचं अख्खं नाव

"आवं नानासो, बोर्ड बिघडल्याला न्हाई. माझं चुकलंय. पयली जोड आत यायच्या आदी नीट करते."

"पन बाकीचं नाव गेलं कुटं समीक्षा? एवढा दांडगा गडी, आन् वर नुसतं 'वी'."

"बोर्डानं खाल्लं," गुंडा पेंटर मागून म्हणाला. खडूनं भरलेले हात त्यानं विजारीला पुसले.

पलूसजवळच्या जत्रेतलं कुस्तीचं मैदान. नानासो पंचकमिटीचे अध्यक्ष. दरसाल पैलवानांची नावं गुंडा काळ्या फळीवर लिहायचा, यंदा समीक्षानं दिव्यांचा बोर्ड लावला होता. वीरधवलच्या जागी 'वी', शंभूराजच्या जागी 'शं' आणि पुढं एक रिकामा चौकोन. लोक बांधावर बसून हसत होते. नानासोंनी तिथंच सांगून टाकलं, नावं धड दिसली तर ठीक, नाहीतर बोर्ड उतरवायचा आणि फळी टांगायची. भर मैदानात उतरवलेला बोर्ड पुढच्या जत्रेला कोण लावून घेणार, हे समीक्षाला कळत होतं. तरी तिनं घाई केली नाही. लॅपटॉप मांडीवर घेतला.

ती मूळची वडूजकडची. तिचा बाप आप्पासो पाऊस सरला की मेंढरं घेऊन इकडं उतरायचा. खतासाठी नानासोंच्याच रानात मेंढरं बसवलेली, आणि ही कळपामागनं शाळेत जायची. सांगलीला डिप्लोमा केला, पुण्यात नोकरी केली, मग पलूसच्या स्टँडजवळ गाळा घेऊन बोर्ड बनवायला लागली. पुणं का सोडलं म्हणून नानासोंनी एकदा विचारलं होतं. "तितं दुसऱ्याचं काम, हितं माझं," एवढंच म्हणाली.

"इंग्रजीत टाक की मग," नानासो म्हणाले.

"पुढं बसल्याली म्हातारी मानसं काय वाचतील? आन् इंग्रजीनंच घात केला. तपासताना मी इंग्रजी नावं टाकली, ती नीट दिसली."

"मग मराठीला काय झालं?"

"टेम्पोत मेंढरं भरताना आमचा आप्पा नुसतं नग मोजत न्हाई, जागा मोजतोय. बोर्ड बी जागाच मोजतोय, तेला बाइट म्हनत्यात. इंग्रजी अक्षर म्हंजे कोकरू, एका जागंत मावतंय. आपलं अक्षर म्हंजे एडका, तीन जागा अडवतोय. वेलांटीला, काना-मात्रेला बी येगळ्या तीन. मी बोर्डाला अक्षरांचं नुसतं नग सांगितलं, तेनं तेवढ्याच जागा मोकळ्या केल्या."

"आन् उरल्याली?"

"फाटकाभाईर. शंभूराजम्होरं जो डबा दिसतोय न्हवं, तितं एका एडक्याचं नुसतं मुंडकं आत आलंय."

गुंडा हसला, पण फळी काही खाली ठेवली नाही.

समीक्षानं प्रोग्रॅममधल्या दोन ओळींची अदलाबदल केली. आधी नावाचे बाइट करायचे, मग ते मोजायचे आणि तो आकडा बोर्डाला कळवायचा. हलगी वाजायला लागली होती. तिनं एक नाव टाइप करून पाठवलं. वर उमटलं, 'आप्पासो'.

"तुजा बा कवापासनं लढाय लागला?" नानासोंनी विचारलं.

"तेच्या नावात जोडाक्षर हाय. ते बसलं, आता कुनाचं बी बसंल."

मग वीरधवल आला, अख्खा. खाली शंभूराज, चौकोनाशिवाय. बांधावरचं हसू थांबलं आणि लोकांच्या माना आखाड्याकडं वळल्या. बोर्डाकडं पुन्हा कोणी बघितलं नाही. गुंडानं फळी उलटी करून मातीवर टाकली आणि तिच्यावर बैठक मारून कुस्ती बघायला लागला.

"फुडली जोड?" समीक्षानं विचारलं.

"सयाजी आन् बिरदेव," नानासो म्हणाले. "गावाचं नाव बी टाकशील का?"

"टाकते की. सांगा."