दुखतंय तवर पाय जिता

पिंपळवंडीच्या आमच्या घरात दिव्याच्या कोनाड्यात एक पत्र्याची डबी असायची. तीत बिब्बे आणि एक दाभण. पायात काटा मोडला की ती डबी खाली यायची आणि मी बाहेर धूम ठोकायची. पण काटा रुतलेल्या पायाने माणूस पळून पळून पळणार किती? अण्णा, म्हणजे माझे वडील, मला धरून ओट्यावर बसवायचे, पाय मांडीवर घ्यायचे आणि सुईने काटा कोरून काढायचे. इथपर्यंत ठीक होतं. मग बिब्ब्यात दाभण खुपसून तो दिव्याच्या ज्योतीवर धरायचे. तेल चरचरत बाहेर आलं की थेंब सरळ जखमेच्या भोकात. मी अशी बोंब मारायची की पलीकडच्या वस्तीवरची कुत्री भुंकायला लागायची. आई कळवळायची. अण्णा मात्र पायावर फुंकर घालत शांतपणे म्हणायचे, "रडू दे तिला. दुखतंय तवर पाय जिता हाय."

हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. बैलाच्या खुराला पत्री ठोकताना त्याने लाथ झाडली तरी ते हेच म्हणायचे.

पाय हा काही सांभाळायचा अवयव आहे, असं आमच्याकडे कुणी मानत नव्हतं. केसांना तेल, तोंडाला पावडर, पायाला चिखल. टाचांना भेगा पडल्या तर बायका वजरीने घासायच्या, फारच चिरल्या तर मेण वितळवून भरायच्या. पुरुष तेवढंही करत नसत. कुरूप झालं तर दाढीच्या ब्लेडने तासायचं आणि कामाला लागायचं.

नव्वदचं दशक संपता संपता अण्णांना साखर निघाली. नारायणगावला डोळे दाखवायला गेले आणि रक्त तपासून आले. घरात गुळाचा चहा बंद झाला, कारल्याचा रस सुरू झाला. आठवण झाली की गोळ्याही घ्यायचे. साखर तोंडाच्या वाटेने आली, तोंडाच्या वाटेनेच काबूत येईल, अशी सगळ्यांची समजूत. तळपायाशी तिचं काही देणंघेणं असेल, हे कुणाच्या डोक्यात येणार? दवाखान्यातही अण्णा चपला दाराबाहेर काढून आत गेले आणि बाहेर येऊन घालून निघाले. पायांकडे ना त्यांनी पाहिलं, ना दुसऱ्या कुणी.

तोवर मी लग्न होऊन मंचरला गेले होते. एकदा माहेरी आले असताना अण्णा रानातून परतले ते एकाच पायात चप्पल घालून. दुसरी कुठे, असं विचारल्यावर त्यांनी खाली पाहिलं. त्यांना पत्ताच नव्हता.

"अण्णांची चप्पल रुसून माहेरी गेली," मी म्हटलं आणि सगळे पोट धरून हसलो. अण्णाही हसले. पुढे ते नेहमीचंच झालं. कधी बांधावर, कधी गोठ्याच्या तोंडाशी एकटीच चप्पल पडलेली सापडायची. शेवटी आईने चपलांना मागून इलॅस्टिकचे पट्टे शिवून दिले आणि चपला हरवायच्या थांबल्या. केवढी हुशारी केली, असं आम्हाला वाटलं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात कांदे काढायला माणसं मिळेनात, म्हणून मी माहेरी गेले होते. संध्याकाळी ओट्यावर आलो तर ताज्या सारवणावर रक्ताचे ठसे, पायरीपासून थेट अण्णांच्या बाजेपर्यंत. अण्णा बाजेवर बसून निवांत चहा पीत होते. पाय उलटा करून पाहिला. चपलेच्या तळातून आरपार गेलेला बाभळीचा काटा टाचेत मोडला होता. चप्पल पाहिली तर आतलं रक्त वाळून काळं पडलेलं. काटा सकाळी कधीतरी मोडला असणार, आणि माणूस दिवसभर त्याच्यावर चालत होता.

डबी खाली आली. चुलत्यांनी काटा काढला, बिब्बा तापवला. तेल भोकात पडलं, चर्र झालं, कातडी जळाल्याचा वास सुटला, आणि अण्णा बशीत चहा ओतत होते. तोंडावरची रेघ हलली नाही.

"ह्याला म्हंत्यात गडी," चुलते म्हणाले. "आमी आसतो तर आढ्याला टेकलो आसतो, राव."

कांदे काढणाऱ्या बायका पदर तोंडाला लावून कौतुकाने बघत होत्या. एवढा सोसतोय तर अजून एक थेंब घाला, असं त्यांच्यातली एक म्हणाली. चुलत्यांनी घातला. मलाही बापाचा अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू? लहानपणी रडता रडता ऐकलेलं ते वाक्य त्या ओट्यावर कुणाला म्हणजे कुणाला आठवलं नाही. ज्यांचं होतं त्यांनाही नाही.

बिब्बा उतला. टाचेला मोठा फोड आला, फुटला आणि तिथे खड्डा पडला. आई हळद-तेल भरून वर चिंधी बांधायची आणि अण्णा त्याच पायाने पाणी भरायला वाफ्यात उतरायचे. मी दवाखान्याचं काढलं की त्यांचं उत्तर तयार.

"दुखत न्हाई, खुपत न्हाई. डाक्टरला सांगू काय? पाय दुखत न्हाई म्हून आलोय?"

ते असं मान वाकडी करून विचारायचे की हसूच यायचं.

मी पुन्हा माहेरी गेले तेव्हा भरदुपारी घरात उदबत्त्या जळत होत्या. आज काय आहे, म्हणून विचारलं तर आईने मान खाली घातली. बाजेजवळ गेले आणि उदबत्तीच्या वासाखालचा दुसरा वास आला. मी आईवर ओरडले, तोंडाला येईल ते बोलले.

"त्यांला लाज वाटंल म्हून लावती," ती म्हणाली. "लोकं येत्यात बसायला."

जीप करून आम्ही त्यांना आधी मंचरला नेलं, तिथून पुण्याला. फक्त पायांचे डॉक्टर असतात, हे आम्हाला तिथे कळलं. डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या होत्या. त्यांनी अण्णांना डोळे मिटायला सांगितलं आणि टोचलं की बोला म्हणाल्या. अण्णा शहाण्या मुलासारखे डोळे मिटून पडून राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, "टोचा की बाई. कवाची वाट बघतोय."

बाईंचं त्यांचे दोन्ही तळपाय टोचून झालं होतं.

साखरेने पायाच्या नसा मरतात, त्यांनी मला बाहेर बोलावून समजावलं. मुंग्या येतात, मग बधिरपणा येतो, मग चप्पल निसटते आणि माणसाला कळत नाही. "चप्पल पहिल्यांदा निसटली ना, तेव्हाच यायला हवं होतं." आवाजात राग नव्हता. राग मला आला होता. त्या इलॅस्टिकच्या पट्ट्यांचा, चुलत्यांच्या शाबासकीचा, आमच्या खिदळण्याचा. दुखलं की डॉक्टरकडे जायचं, एवढं आम्हाला ठाऊक होतं. दुखायचं थांबलं की धावत सुटायचं असतं, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

घरी आणल्यावर मी माहेरीच राहिले. आता दुसरा पाय वाचवायचा होता. तोही तितकाच बहिरा होता. रोज सकाळी मी त्याच्याखाली आरसा धरायची, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायची, पाणी ओतण्याआधी त्यात माझं कोपर बुडवून बघायची.

"लोकं आरशात तोंड बघत्यात," अण्णा म्हणायचे, "आमची लेक बापाचा तळपाय बघती." चेष्टा तेवढी त्यांच्याकडे शिल्लक होती. बिब्ब्यांची डबी मी आधीच उकिरड्यात पुरली होती.

एका दुपारी मी चुलीपाशी असताना अण्णा ओरडले. माझ्या उभ्या जन्मात मी त्यांना ओरडताना ऐकलं नव्हतं. उरलेल्या पायाला काही झालं म्हणून मी धावले. तो पाय नीट होता. अण्णा घामाने भिजले होते आणि दुसरीकडे बोट दाखवत होते, जिथे चादर सपाट पडली होती.

"टाच जळती गं," ते म्हणाले. "बिब्बा काढ. त्यो बिब्बा काढ आधी."

काढलेला पाय दुखू शकतो, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. पण ओट्यावर टाचेत पडलेला तो थेंब असा मागाहून येऊन चटका देईल, असं काही त्या म्हणाल्या नव्हत्या. मी त्यांना काय सांगणार होते? टाच नाही म्हणून?

मी बाजेच्या पायथ्याशी बसले. टाच जिथे असायची, तिथे चादरीवर वाकले आणि फुंकर घालत राहिले. बऱ्याच वेळाने विचारलं, "थांबलं का, अण्णा?"

"न्हाई," ते म्हणाले. "दुखतंय आजून."