बंद खोलीतला हलवा

साल एकोणीसशे अठ्ठावन्न, संक्रांतीच्या आधीचा मंगळवार, सकाळ. ठिकाण तुळजापूर, आमच्या घराची मागची खोली. हजर: सासूबाई, मी, धाकटी जाऊ आणि झोळीत तिचं तान्हं बाळ. त्याची पहिली संक्रांत. बोरन्हाणाला घालायचे हलव्याचे दागिने घरीच करायचे होते.

मंगळवार असल्यानं अंगणात देवीला आलेल्या, आमच्याकडं उतरलेल्या यात्रेकरूंची गर्दी होती. सासूबाई म्हणाल्या, "दार लावून घे. कुणी डोकावलं तर नजर लागती, मग काटा येत न्हाय." मी कडी घातली. खोलीला खिडकी नव्हती.

शेगडीत निखारे, वर परात, परातीत साबुदाणा. थोडा थोडा पाक सोडायचा आणि बोटांनी हलवत राहायचं. दाण्यावर साखर चढते, हळूहळू काटे फुटतात. जावेचा हलवा गुळगुळीतच राहिला.

"जिभेला हाय तेवढा काटा ह्याला आण की!" सासूबाई म्हणाल्या.

"तुमच्याकडनंच शिकतेय, आत्याबाई," जाऊ म्हणाली, आणि सासूबाईच आधी हसल्या.

बाळ किरकिरत होतं, ते गप्प झालं. "झोपला बाई एकदाचा," जाऊ म्हणाली. आम्हाला बरंच वाटलं. माझं डोकं ठणकत होतं. उपवास लागला असेल म्हणून मी हलवत राहिले. मग जावेचा हात परातीत थांबला. बोटं भाजत होती, तरी ती काढेना. हाक मारली तर माझ्याकडं नुसती बघत राहिली.

मी उठले. भिंत धरून झोळीशी गेले, बाळाला उचललं. त्याची मान लोंबली. दाराशी आले तर कडी कुठल्या बाजूला सरकते तेच सुचेना. रोजची कडी!

शेवटी दार उघडलं. एका यात्रेकरू बाईनं बाळाला घेतलं, तोंडावर पाणी मारलं, पाठ चोळली. इतरांनी सासूबाईंना आणि जावेला बाहेर ओढलं.

"रडला का? वहिनी, रडला का?" जाऊ पायरीवर पडूनच विचारत होती. मी बाळाच्या तोंडाशी कान नेला. बऱ्याच वेळानं एक बारीक आवाज आला.

सासूबाई अजून नजर लागली म्हणतात. मी कोंडलेला कोळशाचा वायू म्हणते. जावेचा तो मुलगा आता शाळेत जातो, तरी तो झोपला की मी त्याच्या नाकाशी बोट धरते.

धाकटीला पुन्हा दिवस गेलेत. पुढच्या संक्रांतीला हलवा त्याच खोलीत होईल. गवंडी दोनदा भिंत बघून गेला. खिडकी पाडायची राहिली आहे.