आबांनी न दिलेला हुकूम

मेढ्याहून साताऱ्याला जाणाऱ्या मोटारीत आम्ही चढलो, तेव्हा निरोप द्यायला भावकीतलं कोणी आलं नाही. आबांचे सख्खे धाकटे भाऊ, नानाकाका, अंगणात लाकडं फोडत होते. आम्ही घरातून निघालो तरी त्यांनी मानही वर केली नाही. आई म्हणाली, "मागं बघू नगंस." मी बघितलंच.

नानाकाकांच्या मुलांनो, तुम्हाला हे कोणी सांगितलं नसेल, म्हणून लिहिते.

माझे वडील, म्हणजे आबा, सांगलीकडच्या एका लहान संस्थानाच्या फौजेचे कमांडर होते. बेचाळीसच्या चळवळीत एका दुपारी लोक झेंडा घेऊन कचेरीवर आले. दिवाणांनी गोळीबार करायला सांगितलं. आबा म्हणाले, "त्यांच्या हातात काठीसुद्धा नाही. मी हा हुकूम देणार नाही." कमरेचं पिस्तूल काढून त्यांनी टेबलावर ठेवलं आणि ते बाहेर पडले. दिवाणांनी तोच हुकूम हाताखालच्या जमादाराला दिला. त्यानं तो पाळला. दामू नावाचा एक तरुण विणकर कचेरीच्या पायरीवर मेला.

आबांची नोकरी गेली, वर काही महिने कोठडी. सुटल्यावर ते मला घेऊन आधी दामूच्या घरी गेले. त्याची आई उंबऱ्यात बसली होती. आबांचं सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, "पिस्तूल ठिवून तुमी मोकळं झालासा. पर शिपाई तुमचं ऐकत हुते न्हवं? त्यास्नी का न्हाई सांगितलं, बंदुका खाली घ्या म्हून?"

आबा हात जोडून उभे राहिले.

मग आम्ही आमच्या गावी, मेढ्याला आलो. नानाकाका तिथं चळवळीत होते, काही महिने पोलिसांना चुकवत फिरलेले. ते आबांना म्हणाले, "तुझ्याच मानसांनी मारला त्याला. गावाला मी काय सांगू?" आठ दिवसांत आम्ही निघालो.

जबलपूरला आबा लाकडाच्या वखारीवर दरवान झाले. कालपर्यंत ज्यांना सलाम मिळायचा, ते येणाऱ्या ट्रकला फाटक उघडू लागले. नऊवारीतली आई भाजीवाल्याशी "भैया, आलू कैसे दिए?" म्हणायला शिकली. मी हिंदी शाळेत रुळले. गल्लीतली पोरं खेळताना "फायर!" ओरडली की आबा हातातला चहा तसाच ठेवून उठून जात.

स्वातंत्र्य आलं, मग संस्थानंही गेली. तेव्हा नानाकाका जबलपूरला आले. आबांचे पाय धरून रडले. "दादा, चल घरला. आता आपलं राज्य हाय."

"दामूची आई कशी हाय रं?"

"म्हातारी गेली."

आबा म्हणाले, "आता तिकडं येऊन जाब कुणाला देऊ?"

ते गेले नाहीत. पुढच्या वर्षी वारले. आम्ही त्यांच्या अस्थी नर्मदेत सोडल्या.

घर म्हटलं की अजून मला मेढ्याचेच डोंगर दिसतात. पण जगलो आम्ही जबलपुरात, कारण तिथं आम्हाला कोणी ओळखत नव्हतं. तुम्ही दर खेपेला विचारता, ताई, घरी कधी येतेस? ऐकलं, की तुम्ही आता आबांच्या फोटोला हार घालता, खाली 'देशासाठी नोकरी सोडणारे' असं लिहिलंय. तिथंच दामूचंही नाव लिहा. मग मी येईन.