घड नव्हे, चळत

"जुळत नाही" हे दोन शब्द नसीम बागवान मॅडमसमोर उच्चारायची आमच्या रक्तपेढीत कुणाची छाती नव्हती. कुणी चुकून म्हणालंच, तर त्या चष्मा कपाळावर सरकवून विचारायच्या, "कोण म्हणतं? रक्त म्हणतंय, की तुम्ही म्हणताय?" मग स्वतः उठून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायच्या. त्या आमच्या प्रमुख डॉक्टर, मी तिथली तंत्रज्ञ. जुन्या नाशकात वाढलेल्या मॅडम मराठी अगदी आमच्यासारखी बोलायच्या. राग आला की मात्र हिंदीत शिरायच्या, आणि राग त्यांना रोज यायचा. गेल्या हिवाळ्यात त्या वारल्या. शोकसभेत जो तो त्यांच्या "कडक शिस्ती"वर बोलला. शिस्त कसली डोंबलाची! तो संताप होता आणि त्याला कारण होतं. ते सांगायला कुणी उभं राहिलं नाही, म्हणून मी सांगते.

पेठकडच्या एका पाड्यावरचे काशिनाथ एका दुपारी थर्माकोलचा डबा छातीशी धरून आमच्या खिडकीपाशी आले. डब्यात त्यांच्या बायकोच्या, जनाबाईंच्या रक्ताचा नमुना होता. जनाबाई गंगापूर रोडवरच्या एका खाजगी दवाखान्यात होत्या. अंगात रक्तच उरलं नव्हतं, उठून बसणंही होत नव्हतं. दोन रक्तपेढ्यांनी काशिनाथना आधीच परत पाठवलं होतं.

"तिचं रगत कोनाशीच जुळत नाय म्हनतात," ते म्हणाले. "वार्डातला मानूस बोलला, हे दवापान्याचं काम नाय, त्र्यंबकला जाऊन शांती करा. घरी नेऊ का तिला आता?"

मॅडम माझ्या मागेच उभ्या होत्या. "शांती?" त्या म्हणाल्या. "शांती उसकी करो जिसने ये बोला! काशिनाथभाऊ, तुम्ही इथे बसा. कुठेही जायचं नाही."

आम्ही जनाबाईंचं रक्तद्रव एकेका दात्याच्या पेशींशी मिसळून पाहिलं. दर वेळी पेशी गोळा होत होत्या. माझ्या ओठांवर तेच दोन शब्द आले होते. तेवढ्यात मॅडमनी मला भिंगातून बघायला लावलं.

"नीट बघ. रक्त खरंच विजोड असलं तर पेशी द्राक्षाच्या घडासारख्या वेड्यावाकड्या चिकटतात. हा घड आहे का?"

नव्हता. पेशी एकीवर एक नीट रचलेल्या होत्या, नाण्यांच्या चळतीसारख्या.

"ही चळत आहे," मॅडम म्हणाल्या. "तांबड्या पेशी एरवी एकमेकींना दूर ठेवतात. रक्तातली काही प्रथिनं फार वाढली की ते अंतर राहत नाही, त्या एकमेकींना टेकतात. दात्याचा दोष नाही, या बाईचाही नाही. प्रथिनं बाजूला कर, म्हणजे कळेल."

मी वरचं द्रव काढून टाकलं, त्या जागी सलाइन घातलं आणि हलकेच हलवलं. खरा घड असता तर सुटला नसता. चळती मात्र डोळ्यांदेखत मोडल्या आणि पेशी सुट्या होऊन तरंगू लागल्या. बाकीच्या चाचण्याही निर्धोक निघाल्या. रक्त जुळत होतं. पहिल्या रक्तपेढीतही ते जुळतच होतं!

काशिनाथना रक्ताची पिशवी देऊन मॅडमनी त्या दवाखान्यात फोन लावला. पलीकडचे डॉक्टर म्हणाले, "मॅडम, दोन-दोन रक्तपेढ्यांना गुठळ्या दिसत असताना रिस्क कोण घेणार?"

"कुणाची रिस्क? तुमची की तिची? सलाइनचे चार थेंब टाकून बघायला कुणाची हिंमत होत नाही आणि बाईला शांती करायला पाठवता? शरम नहीं आती? आणि प्रथिनं वाढली कशाने, ते शोधलंत? तिची पाठ दुखते का, विचारलंत कधी?"

पाठ वर्षभर दुखत होती. कुणी मलम दिलं होतं, कुणी वाकून काम करू नका म्हणून सांगितलं होतं. तपासण्यांत अस्थिमज्जेचा कर्करोग निघाला, त्यानेच प्रथिनं वाढली होती. बरा होणारा नव्हे, पण उपचारांनी आवरता येणारा. वर्षभर आधी सापडला असता तर पाठीचे मणके तरी दबले नसते. याचा जाब कुणाला विचारायचा?

जाब विचारला गेला तो मॅडमनाच. दवाखान्याने तक्रार केली की त्यांनी डॉक्टरांचा अपमान केला. आमचे व्यवस्थापक गोड आवाजात म्हणाले, "दोन ओळींची माफी लिहून द्या, विषय संपेल."

"माफी मागायचीच आहे," मॅडम म्हणाल्या. "चला पेठला. जनाबाईंच्या दारात मागू. मी पुढे होते, तुम्ही मागून या."

व्यवस्थापक काही मागून आले नाहीत. मॅडमचं कंत्राट संपलं ते पुढे वाढवलं गेलं नाही. निरोपसमारंभात शाल देणाऱ्यांमध्ये तेच व्यवस्थापक होते.

मॅडम खरंच पेठला गेल्या. सोबत मी होते. जनाबाई ओट्यावर बसून नागली पाखडत होत्या. पाठीला पट्टा होता, पण चेहऱ्यावर रंग आला होता. मॅडम त्यांच्यासमोर जमिनीवर बसल्या आणि हात जोडून म्हणाल्या, "आमच्या डॉक्टर लोकांनी तुम्हाला फार छळलं. मला माफ करा."

जनाबाई संकोचून हसल्या. "तुमी कशाची माफी मागता, बाई?"

त्यांचं ते हसणं मॅडमना सोसेना. "हसता काय? तुम्हाला राग कसा येत नाही हो? तुम्हाला मरायला घरी पाठवत होते!"

जनाबाईंनी सूप खाली ठेवलं.

"राग याया अंगात रगत लागतं, बाई," त्या म्हणाल्या. "तवा नव्हतं. आता हाय. बसा, सांगते."

आणि त्या सांगू लागल्या. वॉर्डात कोण काय बोललं, कोणी तोंड फिरवलं, कोणी त्यांच्यादेखत नवऱ्याला वेड्यात काढलं, सगळं. आवाज चढत गेला, शेजारच्या बाया येऊन उभ्या राहिल्या. मॅडम नुसत्या ऐकत राहिल्या.