पावणेएकतीस

माझी नात बेळगावात कॉलेजला जाते आणि घरी आली की फोनमध्ये जनावरं पाळते. पाळते म्हणजे पकडते, लढवते, त्यांची अंडी उबवते आणि नको असलेली पिल्लं सोडून देते. गेल्या उन्हाळ्यात माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. दीड महिना मी कंग्राळीतल्या घरी सोप्यात खाटेवर पडून होते आणि तिला सुट्टी होती. म्हणून हे सगळं मला बघावं लागलं, नाहीतर मी बघितलं नसतं.

एका दुपारी तिनं माझ्या शेजारी बसून चौदा अंडी फोडली. पिल्लू बाहेर आलं की ती त्याच्याकडं एकदा बघायची, बोट दाबायची आणि पिल्लू गायब व्हायचं.

"कुठं गेलं गं ते?"

"रानात सोडलं."

"आत्ता जन्मलंय. रानात त्याला दूध कोण पाजणार, तुझा बा?"

"आज्जी, गेम हाय गं त्यो."

"मग सोडायची एवढी घाई कशाला?"

"कचरा हाय सगळा. जागा अडतीया."

मला शिसारी आली. आम्ही काही देव नव्हतो. म्हशीला नर रेडकू झालं की त्याचं दूध तोडायचो आणि ते आठ-दहा दिवसांत मरायचं. मी स्वतः तोडलंय, आणि त्याचं हंबरणं कानावर आलं की भांडी जोरात घासलीत. पण त्याला कचरा म्हणायची जीभ कुणाला झाली नाही. आमचं त्या दुधावर घर चालत होतं. हिचं काय चालत होतं?

ती कशावरून सोडते ते मी विचारून घेतलं. प्रत्येक जनावर जन्मतानाच चपळाईचा एक आकडा पोटात घेऊन येतं. शून्यापासून एकतीसपर्यंत काहीही. तो आकडा गेम दाखवत नाही. वर दिसते ती एकूण चपळाई. तिच्यात जातीचा वाटा असतो, तो एका जातीत सगळ्यांना सारखा. मग हा पोटातला आकडा. आणि जनावर लढलं की त्याला गुण मिळतात, चार गुणांना चपळाई एकानं वाढते. म्हणजे एकूणातून जातीचा वाटा आणि गुणांचा चौथा हिस्सा काढला की पोटातलं उघडं पडतं. गेम नवा होता. हे सगळं तिनं आणि तिच्या मैत्रिणींनी वह्या भरभरून शोधून काढलं होतं. एकतीसच्या खालचं काही ठेवायचं नाही असं त्यांचं ठरलं होतं.

तिच्या जनावरांत एक तेवढं जुनं होतं. मुंगसासारखं तोंड, शेपटीला पानं. गेम घेतला तेव्हा तिला पहिलं मिळालेलं. चार महिने बसमधून जाता-येता तिनं ते लढवलं होतं, त्याला नावही ठेवलं होतं. त्या रविवारी बेळगावात मैत्रिणींच्या लढती होत्या आणि त्यात ज्याची चपळाई एकानंही जास्त, त्याचा वार पहिला. मुंगसाला न्यायचं का सोडून द्यायचं, हे तिला ठरवायचं होतं. सोडलं तर बदल्यात त्याच जातीचं एक अंडं मिळणार होतं. लढलेलं असल्यामुळं त्याचं गणित मात्र नुसत्या वजाबाकीनं सुटेना.

"आज्जी, गुण एकशे तेवीस. चारनं भागलं तर तीस पॉइंट पंचाहत्तर येतंय. तीस धरू का एकतीस?"

मी चौथी शिकले. पण पावकी, निमकी, दिडकी माझ्याइतकी वर्गात कुणाची पाठ नव्हती. पोरगी फोनमध्ये आकडे दाबत होती तोवर माझं तोंडी झालं होतं.

"पावणेएकतीस. एकतीस धर."

"नक्की?"

"माप कधी पुसून देत्यात व्हय? पायलीवर शीग असतीया. पाऊण आलं की पुरं धरायचं. आमच्यात पाऊण कुणी सोडत न्हाय."

आमच्या घरात जोंधळा मोजताना मापावर हात फिरवून दाणे सारखे करणाऱ्याला चिकट म्हणायचे. वर शिगेचा शंकू उभा राहिला की माप भरलं. मी तोच हिशेब सांगितला, आणि ऐटीत सांगितला.

एकूण दोनशे अकरा. जातीचा वाटा दीडशे गेला, हे एकतीस गेले. उरले तीस.

"एक कमी," ती म्हणाली.

तिनं मुंगसाकडं थोडा वेळ बघितलं. मला वाटलं ठेवेल. तिनं बोट दाबलं. जनावर गेलं, अंडं आलं.

"चार महिने सांभाळलंस की गं."

"तीस हाय गं आज्जी. एकतीस पायजे."

दोन दिवसांनी त्या अंड्यातलं पिल्लू ती माझ्याजवळ बसून लढवत होती. पोटात एकोणतीसच निघाला होता, पण आता वेळ नव्हता म्हणून ठेवलेलं. एका लढतीला एक गुण. मला दुसरं काम नव्हतं, मी चपळाईचा आकडा बघत होते. पहिल्या लढतीला हलला नाही, दुसऱ्या-तिसऱ्यालाही नाही. चौथीला एकानं वाढला. मी म्हटलं, आणखी लढव. पाच, सहा, सात, काही नाही. आठवीला पुन्हा एक.

सातव्या लढतीला पावणेदोन झाले होते. माझ्या हिशेबानं दोन धरायला पाहिजेत. यंत्रानं एकच धरला. यंत्र मापावर हात फिरवत होतं, शीग खाली पाडत होतं. म्हणजे पावणेएकतीसचे तीस, आणि मुंगसाच्या पोटात पुरे एकतीस.

जेवणं होईपर्यंत मी फक्त गणित पुन्हा पुन्हा करून बघत होते, कुठं सुटतंय का म्हणून. जनावराचं मनात एकदाही आलं नाही. हेही लिहून ठेवते.

मग सांगितलं. "पोरी, माझं चुकलं. ते एकतीस हुतं."

तिनं वहीत तपासलं आणि हंबरडा फोडला. घरात कुणी गेल्यासारखी रडली. तिची आई पिठाच्या हातानं धावत आली.

"तुला कुणी सांगितलतं शीग लावायला?" नात मला म्हणाली.

"तूच विचारलंस की."

"एकतीस हुतं गं आई! पहिलंच माझं, आणि एकतीस!"

तिची आई म्हणाली, "मेलं ते यंत्र," आणि भाकऱ्या करपतात म्हणून आत गेली. दोन दिवसांपूर्वी हेच जनावर हिनं डोळ्याची पापणी न हलवता हाकललं होतं. तोंड तेच, शेपूट तीच, चार महिनेही तेच. आता ती रडत होती ती त्या एका अंकासाठी. मुंगसासाठी रडली असती तर मी तिला जवळ घेतलं असतं.

रविवारी ती एकोणतीसवालं घेऊन बेळगावला गेली. संध्याकाळी बसमधून उतरून आली आणि चप्पल न काढताच माझ्यासमोर उभी राहिली.

"दुसऱ्याच लढतीला हरले. तिचं एकानं चपळ हुतं. तुझ्यामुळं."

"माझ्यामुळं गणित चुकलं," मी म्हटलं. "सोडलंस तू."

तिनं चप्पल काढली, हातपाय धुतले, माझ्या खाटेशेजारची खुर्ची ओढली आणि फोन उघडला. नवी अंडी होती. पहिलं फुटलं, तिनं बघितलं, बोट दाबलं. दुसरं फुटलं.

सून माझं ताट घेऊन आली होती. मी नातीला म्हटलं, "ती खुर्ची उचल आणि मागं परड्यात जाऊन बस. मला जेवायचंय."