रोशेलच्या मापांचं पान

मंगळवार, ४ मार्च २००८. सकाळचे सव्वासहा. सनीव्हेलमधल्या आपल्या गॅरेजमध्ये उत्तरा पोंक्षे ब्लाउजला हुक लावत बसल्या होत्या. दहा वाजता त्यांना सॅन फ्रान्सिस्कोच्या फेडरल कोर्टात साक्ष द्यायची होती. पण ब्लाउज शनिवारच्या मुंजीचा होता, आणि आपल्या साक्षीपायी कुणाची मुंज खोळंबावी हे त्यांना पटत नव्हतं.

नाशिकला चौदा वर्षं आणि इथे सोळा, एवढी उत्तराकाकूंची शिवणकामातली हयात. प्रत्येक बाईला वहीत एक पान: छाती, मुंढा, दंड, तारखेसकट. माप वहीत खरं लिहायचं आणि तोंडाने दुसरं सांगायचं, ही त्यांची रीत. टेप फिरत असताना बाई हमखास विचारते, "वाढलंय का हो?" काकू म्हणतात, "छे गं, तेवढंच आहे." कापताना वहीतलं माप धरतात आणि वर शिवणीत बोटभर माया सोडतात. ब्लाउज घट्ट झाला म्हणून त्यांच्याकडे कधी कुणी परत आलं नाही.

रोशेल समोरच्या अपार्टमेंटमध्ये राहायची. शंभर मीटर पळणारी, पळण्यावरच पोट असलेली. खांद्यात बसणारा तयार कपडा तिला मिळायचा नाही, म्हणून २००१ साली ती पहिल्यांदा गॅरेजात आली. स्टुलावर बसून चिवडा खायची. बाकीच्या बायकांचं ऐकून "काकू" म्हणायला लागली होती. तीही विचारायची, "वाढलं?" काकू तिलाही सांगायच्या, "सेम, सेम."

२००३च्या शेवटी ग्रँड ज्युरीने, म्हणजे खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांनी, तिला बोलावलं. ताकद वाढवणारी औषधं कधी घेतली नाहीत, असं तिने शपथेवर सांगितलं. शरीराचा विषय निघाला तेव्हा म्हणाली, "दोन वर्षांत माझं माप इंचभरही बदललेलं नाही. माझ्या टेलरला विचारा." आता तिच्यावर खोट्या साक्षीचे तीन आरोप होते आणि तिसरा या वाक्याचा होता. सरकारी माणसं काकूंची वही घेऊन गेली. वहीत दंडाचं माप २००१ साली साडेअकरा इंच होतं, २००३ साली तेरा.

वही नेणाऱ्या त्या माणसांनी आकडे विचारले. काकू तोंडाने काय सांगत होत्या, हे कुणी विचारलंच नाही.

कोर्टाकडे जाताना गाडीत त्यांचा मुलगा सिद्धेश म्हणाला, "आई, विचारतील तेवढंच बोल. एक्स्ट्रा काही नाही, प्लीज."

"आणि विचारलंच नाही तर? पोरगी माझ्या शब्दावर तुरुंगात जायची."

"तू तिला औषध दिलंस का? नाही ना?"

"नाही. पण ते 'सेम, सेम' मी दिलं."



कोर्टात सरकारी वकिलांनी वही उघडली आणि आकडे वाचून घेतले. तेरा म्हटल्यावर रोशेलने मान खाली घालून स्वतःच्या दंडाकडे पाहिलं. वकील म्हणाले, "थँक यू." काकू उठल्या नाहीत.

"हा आकडा मी तिला कधी सांगितला नव्हता," त्या म्हणाल्या.

न्यायाधीशांनी त्यांना प्रश्नाची वाट पाहायला सांगितलं. तोवर रोशेलचा वकील उभा राहिला होता.

"मग काय सांगितलं होतं?"

"तेवढंच आहे, असं."

"प्रत्येक वेळी?"

"प्रत्येक वेळी. सगळ्याच बायकांना सांगते."

ज्युरीतली एक बाई हसली. सरकारी वकील पुन्हा उठले. "म्हणजे तुम्ही खोटं बोलत होता?"

"हो. तिथे शपथ नव्हती, इथे आहे."

खोटी साक्ष ठरायला बोलणाऱ्याला ते खोटं आहे हे ठाऊक असावं लागतं. दुपारी सरकारने तिसरा आरोप मागे घेतला. औषधांबद्दलचे दोन तसेच राहिले. रोशेलने ती घेतली होती की नाही, हे काकूंना माहीत नाही. बाहेर पडताना दोघी कॉरिडॉरमध्ये समोरासमोर आल्या. खटला संपेपर्यंत एकमेकींशी बोलायची बंदी होती. काकूंनी तिच्या जॅकेटचा खांदा पाहिला. जॅकेट बाजारातलं होतं आणि काखेत ओढत होतं.

संध्याकाळी जुन्या गिऱ्हाईक लतिका केळकरांचा फोन आला. बातमी पोचली होती.

"उत्तरा, खरं सांग, माझंही खोटंच सांगायचीस?"

"तुझं तर सगळ्यात जास्त."

मग लतिकाबाई म्हणाल्या, "मेले! उद्याची वेळ कॅन्सल करू का?"

"कॅन्सल कशाला? ये."

उद्या बुधवार. नऊला कोर्ट पुन्हा बसेल आणि रोशेलच्या प्रशिक्षकाची साक्ष सुरू होईल. साडेदहाला लतिकाबाई माप द्यायला येतील.